एक्स-शोरूम कळलं, पण ऑन-रोडचं काय?
एक्स-शोरूम म्हणजे गाडीची किंमत अधिक जीएसटी, विषय संपला. पेट्रोल-डिझेल गाड्यांवर आधी सेस (जीएसटीवरचा जादा कर) पण असायचा, तो 22 सप्टेंबर 2025 पासून गेला, आता छोट्या गाड्यांना 18 टक्के आणि मोठ्यांना 40. तेव्हा "यावर जीएसटी वेगळा का?" हे विचारणं आतातरी बंद करा राव, तो आतच आहे.

खरा घोळ ऑन-रोडमध्ये, म्हणजे टॅक्स, रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स सगळं धरून गाडी रस्त्यावर येईपर्यंतच्या किमतीत. लोकांना वाटतं वरचे लाख-दीड लाख सगळे आरटीओचे, त्यात आपण काय बोलणार, आणि सेल्समनला नेमकं हेच हवं असतं. कोटेशन हातात घ्या आणि एकेक ओळ वाचा. महाराष्ट्रात स्वतःच्या नावावर घेतलेल्या 10 लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला रोड टॅक्स 11 टक्के, डिझेलला 13, म्हणजे 9 लाखांच्या पेट्रोल गाडीला 99 हजार. हे द्यावेच लागतात. रजिस्ट्रेशन फी 600 रुपये, लोन असेल तर हायपोथिकेशनचे (गाडी बँकेकडे तारण असल्याच्या नोंदीचे) 1,500. नंबर प्लेट, फास्टॅग वगैरे किरकोळ. आता कागदावर "आरटीओ" म्हणून एकच गोल आकडा लिहिला असेल आणि तो या बेरजेपेक्षा बराच जास्त असेल तर फोड करून मागा, आणि पावती तेवढ्याचीच मागा.

मग येतं "हँडलिंग चार्जेस". माझं डोकं इथे फिरतं. कुठल्याही कायद्यात हे द्यायची सक्ती नाही, सरळ काढायला सांगा. "एसेन्शियल किट" म्हणजे मॅट आणि मडफ्लॅप, बाहेर निम्म्यात मिळतात. एक्स्टेंडेड वॉरंटी मी स्वतः घेईन, पण ती पण ऐच्छिकच.

इन्शुरन्समध्ये तीन वर्षांचा थर्ड पार्टी (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई देणारा) कंपल्सरी आहे, सप्टेंबर 2018 पासून. तो शोरूममधूनच घ्यायची मात्र सक्ती नाही. "बाहेरून काढलात तर कॅशलेस (दुरुस्तीचं बिल थेट कंपनीने भरणं) मिळणार नाही" ही नेहमीची थाप, कॅशलेस ठरतं ते इन्शुरन्स कंपनीचा त्या वर्कशॉपशी टायअप आहे की नाही त्यावर. बाहेरचं एक कोटेशन, तेच ॲड-ऑन (जादा कव्हर) आणि तीच आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) धरून, समोर ठेवा, त्यांचा आकडा बऱ्याचदा तिथल्या तिथे खाली येतो.

हो, आणि एक्स-शोरूम 10 लाखांच्या वर असेल तर 1 टक्का टीसीएस (विक्रेत्याने आपल्याकडून आगाऊ घेतलेला इन्कम टॅक्स) दिसेल, त्यावरून मात्र भांडू नका, तो इन्कम टॅक्स रिटर्न भरताना वळता होतो.