तीन आठवडे गोळी, एक आठवडा बंद: स्तनाच्या कॅन्सरवरच्या टार्गेटेड औषधांविषयी

पाल्बोसिक्लिब हे स्तनाच्या कॅन्सरवरचं टार्गेटेड, म्हणजे पेशीतल्या ठरावीक प्रथिनावर नेम धरणारं औषध सुरू झालं की घरात पहिला गोंधळ होतो तो तारखांचा. २१ दिवस रोज एक गोळी, मग ७ दिवस काही नाही, मग पुन्हा पहिल्यापासून. सोबत लेट्रोझोल (इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी करणारी गोळी) असेल तर ते मात्र एकही दिवस चुकवायचं नाही. मग कोणी त्या आठवड्यात दोन्ही गोळ्या थांबवतं. कोणाला वाटतं, कॅन्सरसारख्या आजारात आठवडाभर औषध बंद ठेवून कसं चालेल, आणि पाल्बोसिक्लिब तसंच पुढे चालू राहतं. दोन्ही चुका महागात पडू शकतात. त्या सात दिवसांत शरीरात काय घडतं ते एकदा कळलं, की या औषधाबरोबर येणाऱ्या बहुतेक सूचना पाठ कराव्या लागत नाहीत.

त्यासाठी थोडं मागे जाऊ. १९८२ साली टिम हंट हे ब्रिटिश शास्त्रज्ञ सी अर्चिन या काटेरी समुद्री जिवाची फलित अंडी तपासत होते. त्यांना एक प्रथिन असं आढळलं, जे हळूहळू साठत जायचं आणि पेशीचं विभाजन होताना एकदम नाहीसं व्हायचं. त्याचं नाव सायक्लिन. लेलंड हार्टवेल आणि पॉल नर्स हे दोघे यीस्टवर काम करता करता याच कोड्याला वेगळ्या बाजूने भिडले होते. पेशीने कधी थांबायचं आणि कधी विभागायचं हे ठरवणारे जीन त्यांना सापडले. सायक्लिन ज्या एन्झाइमला जाऊन चिकटतं आणि कामाला लावतं, त्या एन्झाइमच्या कुटुंबाला आज सीडीके म्हणतात. या तिघांना २००१ साली वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. यीस्टमधल्या या शोधावर पुढे कॅन्सरची गोळी उभी राहील, असं तेव्हा कोणी सांगितलं असतं तर फार थोड्यांना पटलं असतं.

आपल्या पेशीत आरबी नावाचं एक प्रथिन नाक्यावरच्या पहारेकऱ्यासारखं असतं. ते आहे तोवर पेशी विभाजनाच्या तयारीला लागत नाही. सीडीके-४ आणि सीडीके-६ या जोडीने आरबीला निकामी केलं की वाट मोकळी होते. स्तनाच्या कॅन्सरपैकी सुमारे ७० टक्के कॅन्सर हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह आणि हर-टू निगेटिव्ह असतात, म्हणजे पेशी हार्मोनच्या इशाऱ्याला प्रतिसाद देतात आणि हर-टू हे वाढीला चालना देणारं प्रथिन त्यांच्यावर जास्त नसतं. या पेशींत इस्ट्रोजेनच्या इशाऱ्यावर सायक्लिन-डी तयार होतं, ते सीडीके-४ आणि ६ ला कामाला लावतं आणि विभाजन सुरू होतं. लेट्रोझोल इस्ट्रोजेन कमी करतं, पाल्बोसिक्लिब ही सीडीकेची जोडी अडवतं. एकाच वाटेवर दोन ठिकाणी अडसर घातला जातो, म्हणून एक गोळी थांबली तरी दुसरी थांबवायची नसते.

याचा उपयोग किती? आजार इतर अवयवांत पसरलेल्या, रजोनिवृत्ती झालेल्या स्त्रियांवर पलोमा-२ ही चाचणी झाली. नुसत्या लेट्रोझोलवर आजार वाढायला लागेपर्यंतचा मध्यक काळ (निम्म्या स्त्रियांत आजार तोवर वाढलेला नसतो तो काळ) १४.५ महिने होता, पाल्बोसिक्लिब जोडल्यावर तो २४.८ महिने झाला. आजार पसरल्यानंतर मिळालेले हे दहा महिने मला फार मोलाचे वाटतात. मात्र याच चाचणीत एकूण आयुष्य वाढल्याचं ठामपणे सिद्ध झालं नाही. याच गटातल्या रायबोसिक्लिब या औषधाच्या मोनालीसा-२ चाचणीत ते झालं: ५१.४ महिन्यांवरून ६३.९ महिने. डॉक्टर या गटातल्या तीन औषधांपैकी (पाल्बोसिक्लिब, रायबोसिक्लिब, अबेमासिक्लिब) एखादं का निवडतात, हा प्रश्न विचारताना हा फरक माहीत असावा.

आता त्या सात दिवसांकडे येऊ. सीडीके-४ आणि ६ फक्त कॅन्सरच्या पेशींत नसतात. अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजात, रोज प्रचंड संख्येने रक्तपेशी तयार होतात, आणि त्या कामात विशेषतः सीडीके-६ लागतं. औषध तिथेही पोचतं. म्हणून पांढऱ्या पेशी, त्यातही जंतूंशी लढणारे न्यूट्रोफिल, खाली येतात. पलोमा-२ मध्ये दर तिघींपैकी जवळपास दोघींचे न्यूट्रोफिल दर मायक्रोलिटर रक्तात १,००० च्या खाली गेले होते. केमोथेरपीत असा आकडा दिसला की पोटात गोळा येतो. इथे मात्र न्यूट्रोफिल कमी आणि सोबत ताप, अशी धोक्याची जोडी साधारण शंभरातल्या दोघींमध्येच दिसली. कारण केमो अस्थिमज्जेतल्या पेशी मारते, तर हे औषध त्यांना नुसतं थांबवून ठेवतं. औषध बंद होताच त्या पुन्हा कामाला लागतात. तो बंद आठवडा अस्थिमज्जेला सावरण्यासाठीच ठेवलेला असतो. त्या आठवड्यातही गोळी घेतली तर पुढच्या २८ दिवसांच्या फेरीची सुरुवातच खालच्या आकड्यावरून होते.

हा आकडा रिपोर्टमध्ये कसा बघायचा, ते घरच्यांनी शिकून घ्यावं. समजा सीबीसीमध्ये, म्हणजे रक्तपेशी मोजण्याच्या तपासणीत, एकूण पांढऱ्या पेशी २,४०० आहेत आणि न्यूट्रोफिल ३८ टक्के. २,४०० चे ३८ टक्के म्हणजे ९१२. हा न्यूट्रोफिलचा खरा आकडा, आणि निर्णय यावर होतो, नुसत्या टक्केवारीवर नाही. नवी फेरी सुरू करायच्या दिवशी तो १,००० च्या वर हवा. ९१२ असेल तर गोळी लांबणीवर टाकतात, आठवड्याभरात पुन्हा रक्त तपासतात आणि आकडा सावरला की सहसा त्याच डोसवर सुरुवात करतात. ५०० च्या खाली गेला तर मात्र थांबून, सावरल्यावर डोस १२५ वरून १०० मिलिग्रॅमवर आणतात, गरज पडल्यास ७५ वर. पहिल्या दोन फेऱ्यांत मध्येही, पंधराव्या दिवशी, तपासणी असते. ती टाळू नये. पहिल्या दोन महिन्यांतच आपलं शरीर या औषधाला कसा प्रतिसाद देतं ते समोर येतं.

डोस कमी केला म्हणजे औषध हरलं, असं अनेकींना वाटतं आणि त्यापायी त्रास लपवला जातो. डॉक्टरांनी गोळी काढून घेऊ नये म्हणून ‘सगळं ठीक आहे’ असं सांगितलं जातं. ही भीती मी समजू शकतो, पण तिला पुराव्याचा आधार नाही. ज्यांचा डोस नियमानुसार कमी केला, त्यांच्यात आजार आटोक्यात राहण्याचा काळ त्यामुळे घटल्याचं दिसलेलं नाही. सोसत नाही म्हणून गोळीच सोडून देणं हे यापेक्षा कितीतरी वाईट.

तापाचं वेगळं सांगायला हवं. ३८ अंश सेल्सियस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला की डॉक्टरांना लगेच कळवायचं, सकाळची वाट बघायची नाही. आणि थर्मामीटर लावण्याआधी पॅरासिटामॉल घ्यायचं नाही, त्याने ताप झाकला जातो.

याच गटातली इतर दोन औषधं एकाच कामाची असली तरी स्वभावाने वेगळी. रायबोसिक्लिबही तीन आठवडे चालू आणि एक आठवडा बंद असंच घेतात, पण त्याची नजर ठेवायची जागा हृदय. दोन ठोक्यांच्या मधली विद्युत सावरणूक, ईसीजीवरचं क्यूटी अंतर, ते लांबवू शकतं. म्हणून सुरू करण्यापूर्वी ईसीजी, मग पहिल्या फेरीच्या चौदाव्या दिवसाच्या सुमारास पुन्हा. रक्तातलं पोटॅशियम आणि मॅग्नेशियमही बघतात, यकृताच्या तपासण्याही होतात. क्यूटी लांबवणारी दुसरी औषधं नकळत जोडली जातात तेव्हा धोका वाढतो, आणि ती अगदी रोजच्या वापरातली असतात: उलटीवरचं ऑन्डान्सेट्रॉन, क्लॅरिथ्रोमायसिनसारखी अँटिबायोटिक्स. टॅमॉक्सिफेनसोबतही रायबोसिक्लिब देत नाहीत.

अबेमासिक्लिब सीडीके-६ पेक्षा सीडीके-४ ला जास्त अडवतं. अस्थिमज्जेवरचा भार त्यामुळे कमी पडतो, आणि म्हणूनच ते दिवसातून दोनदा, सुट्टीशिवाय घेता येतं. त्याची किंमत आतड्याला मोजावी लागते. जुलाब दहापैकी आठ जणींना होतात, बहुतेक पहिल्याच महिन्यात. पहिली पातळ शौच झाली की लगेच डॉक्टरांनी सांगितलेलं लोपेरामाइड घ्यायचं, पाणी वाढवायचं आणि दवाखान्यात कळवायचं. दिवसभर बघू या म्हणत बसलं की शरीरातलं पाणी कमी होतं. एकाच पायाला सूज येणं, अचानक दम लागणं, किंवा नवा कोरडा खोकला या तक्रारी मात्र वेगळ्या. त्या गुठळीच्या किंवा फुप्फुसाच्या दाहाच्या असू शकतात, तिथे थांबायचंच नाही. याच औषधाने क्रिएटिनिन, मूत्रपिंडाचं काम कळावं म्हणून रक्तात मोजतात तो घटक, थोडं वाढलेलं दिसतं. बहुतेक वेळा मूत्रपिंडाला काही झालेलं नसतं, क्रिएटिनिन बाहेर टाकणारी वाटच औषध अडवतं. तरी त्याचा अर्थ डॉक्टरांनी लावायचा.

या तिन्ही औषधांची विल्हेवाट लागते यकृतातल्या सीवायपी-३ए-४ या एन्झाइमकडून. ते मंदावलं तर रक्तातली मात्रा चढते, वेगावलं तर औषध पुरत नाही. क्लॅरिथ्रोमायसिन, बुरशीवरचं इट्राकोनाझोल, ग्रेपफ्रूट आणि त्याच कुळातलं पपनस हे मंदावणाऱ्यांत. टीबीवरचं रिफाम्पिसिन, फिटवरची फेनिटोइन आणि कार्बामाझेपिन वेगावणाऱ्यांत. सेंट जॉन्स वॉर्ट ही वनस्पतीही वेगावणारीच. वनस्पतीपासून केलेलं म्हणून निरुपद्रवी, हा समज इथे सरळ घातक ठरू शकतो. दातांच्या, त्वचेच्या, कुठल्याही डॉक्टरांकडे जाताना चालू गोळ्यांची यादी सोबत असावी, त्यात चूर्णं, काढे आणि पूरक गोळ्याही लिहिलेल्या असाव्यात.

टार्गेटेड गोळ्या अर्थात एवढ्याच नाहीत. हर-टू पॉझिटिव्ह आजारासाठी लॅपॅटिनिब, नेराटिनिब, टुकाटिनिब आहेत. डीएनएची दुरुस्ती करणाऱ्या बीआरसीए जीनमधला दोष जन्मजात असेल तर ओलापॅरिब, त्यात हिमोग्लोबिनवर लक्ष ठेवायचं. पीआयके-३सीए जीन बिघडलेला असेल तर अल्पेलिसिब. हा जीन ज्या वाटेवर काम करतो ती इन्सुलिनचीही असल्याने रक्तातली साखर झपाट्याने चढू शकते, मधुमेह नसला तरी. म्हणूनच आधी बायोप्सीचा नीट रिपोर्ट हवा, आणि आजार परत आला असेल तर शक्य तिथे पुन्हा बायोप्सी, कारण गाठीचा स्वभाव बदललेला असू शकतो. दुसऱ्या पेशंटचं ऐकून गोळीची पद्धत ठरवणं तर अजिबात नको. लॅपॅटिनिब जेवणाच्या निदान तासभर आधी किंवा नंतर घेतात, कारण जेवणाने त्याची रक्तातली मात्रा बेसुमार वाढते. नेराटिनिब आणि पाल्बोसिक्लिबची कॅप्सूल मात्र जेवणासोबतच.

गोळी कुटायची नाही, कॅप्सूल उघडायची नाही. एखादा डोस राहिला किंवा पाल्बोसिक्लिब घेतल्यावर उलटी झाली तर त्या दिवशी जादा गोळी नको, दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी पुढची. दुप्पट तर कधीच नाही. गर्भधारणेच्या वयात असलेल्यांनी उपचार चालू असताना आणि नंतर डॉक्टर सांगतील तितका काळ खात्रीचं गर्भनिरोधन वापरायचं, स्तनपान बंद ठेवायचं.

हे सगळं आता आणखी मोठ्या गटाला लागू होतं. आजार पसरलेला नाही, शस्त्रक्रिया झाली आहे, पण परतण्याची शक्यता बरीच आहे, अशा स्त्रियांना अबेमासिक्लिब दोन वर्षं आणि रायबोसिक्लिब तीन वर्षं देण्याची पद्धत सुरू झाली आहे. रायबोसिक्लिबचा डोस इथे ६०० ऐवजी ४०० मिलिग्रॅम ठेवला, तो मुख्यतः हृदयावरचा आणि रक्तावरचा परिणाम कमी करण्यासाठी. एरवी ठणठणीत वाटणाऱ्या, कामावर जाणाऱ्या स्त्रीला रोजचे जुलाब किंवा थकवा कितपत सोसायचा, हे रिपोर्टमध्ये दिसत नाही. ते तिने स्वतः सांगावं लागतं, आणि डॉक्टरांनी प्रत्येक भेटीत ते विचारावं लागतं.