परदेशातून बेळगाव, खानापूर, निपाणीकडे कायमचे परतताना: पात्रता, कागदपत्रे आणि कामांचा क्रम

आखात, अमेरिका किंवा युरोप सोडून सीमाभागात कायमचे यायचे ठरले की घरात आधी सामानाची चर्चा सुरू होते. त्याआधी परतीची तारीख ठरवा, आणि ती कागद समोर ठेवून ठरवा. बँक, आयकर, मुलांची शाळा, कस्टम यांचे नियम त्या एका तारखेला बांधलेले असतात. शिवाय काही कागद फक्त तिथेच मिळतात. व्हिसा रद्द झाल्यावर तेच कागद मिळवताना जीव मेटाकुटीला येतो.

निघण्यापूर्वी तिथेच करायची कामे

कंपनीकडून अनुभवाचा दाखला, पगाराच्या स्लिपा आणि ग्रॅच्युइटीचा लेखी हिशेब घ्या. बँकेचे कर्ज आणि क्रेडिट कार्ड फेडून बंद केल्याचे पत्र हातात असू द्या. आखातात थकबाकी मागे ठेवून येणे फार महागात पडते, कारण त्यावरून खटला किंवा प्रवासबंदी होऊ शकते. तिथल्या पोलिसांचा चारित्र्य दाखलाही निघण्याआधीच काढून ठेवा.

जन्म, लग्न, पदवी, शाळा सोडल्याचा दाखला असे परदेशी कागद इथे चालायचे तर ते प्रमाणित लागतात. अमेरिका, ब्रिटन, ओमान, बहरीन आणि डिसेंबर २०२२ पासून सौदी अरेबिया इथल्या कागदांवर अपोस्टिलचा, म्हणजे कागद खरा असल्याचा त्या देशाच्या सरकारचा, शिक्का पुरतो. संयुक्त अरब अमिराती, कतार आणि कुवेतच्या कागदांसाठी आधी तिथल्या परराष्ट्र खात्याचा आणि मग भारतीय दूतावासाचा शिक्का घ्यावा लागतो. दोन्ही शिक्क्यांना वेळ जातो, म्हणून हे काम सर्वात आधी हाती घ्या.

मूल परदेशात जन्मले असेल तर हा परिच्छेद नीट वाचा. ३ डिसेंबर २००४ नंतर परदेशात जन्मलेल्या मुलाला वंशाने भारतीय नागरिकत्व हवे असेल, तर जन्मापासून एका वर्षात भारतीय दूतावासात नोंद करावी लागते. मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असे आईवडिलांनी लिहून द्यावे लागते. वर्ष उलटले तर केंद्र सरकारची परवानगी लागते. अमेरिकेत जन्मलेल्या, अमेरिकन पासपोर्ट असलेल्या मुलासाठी ओसीआय, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचे, कार्ड काढा, तेही निघण्यापूर्वी. ओसीआयवर मूल इथे कितीही वर्षे राहू आणि शिकू शकते. मतदान मात्र करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही.

बँक आणि आयकर

कायमचे राहायला आलात की परकीय चलन कायद्याने, म्हणजे फेमाने, तुम्ही त्या दिवसापासून रहिवासी ठरता. मग बँकेला कळवून एनआरई (परदेशातल्या कमाईचे) आणि एनआरओ (भारतातल्या कमाईचे) ही अनिवासी खाती साध्या रहिवासी खात्यात बदलून घ्यायची. एनआरई ठेवीवरचे व्याजही त्यानंतर करमुक्त राहत नाही. एफसीएनआर, म्हणजे परकीय चलनातली अनिवासी ठेव, मुदत संपेपर्यंत ठरलेल्या दराने चालू ठेवता येते. डॉलर डॉलरमध्येच ठेवायचे असतील तर आरएफसी, म्हणजे रहिवाशांसाठीचे परकीय चलन, खाते उघडा. परदेशात असताना घेतलेले तिथले घर, शेअर किंवा खाते कायद्याने तुमच्याकडे राहू शकते, ते घाईने विकू नका.

आयकराचा हिशेब वेगळा आहे, तो वर्षातल्या दिवसांवर चालतो. १ एप्रिल ते ३१ मार्च या काळात १८२ दिवस भारतात झाले तर तुम्ही रहिवासी. त्याहून कमी राहिलात, पण ६० दिवस भरले आणि मागच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात झालेले असतील, तरीही रहिवासी. नोव्हेंबरात परतलो म्हणजे या वर्षी अनिवासीच, असे गृहीत धरणाऱ्यांनी पासपोर्टवरचे शिक्के मोजावेत. यातही सवलत आहे: मागच्या दहापैकी नऊ वर्षे अनिवासी असाल, किंवा मागच्या सात वर्षांत भारतात ७२९ दिवसांहून जास्त राहिला नसाल, तर 'रहिवासी पण सामान्य रहिवासी नाही' हा दर्जा मिळतो. त्या काळात परदेशातल्या उत्पन्नावर इथे सहसा कर लागत नाही. तिथली पेन्शन, भाडे किंवा शेअरची विक्री असेल, तर सीएला विचारूनच तारीख पक्की करा.

सामान, सोने, रोकड

बेळगावच्या सांबरा विमानतळावर आंतरराष्ट्रीय विमान येत नाही, त्यामुळे कस्टम तुम्ही जिथे उतराल तिथे, म्हणजे मुंबई, बेंगळुरू किंवा गोव्यालाच होते. चोर्ला घाटाने यायचे म्हणून गोव्यातल्या मोपा विमानतळावर उतरणार असाल तर जोडविमानाची धावपळ वाचते. वर्षाहून अधिक काळ परदेशात राहिलेल्या पुरुषाला २० ग्रॅम आणि स्त्रीला ४० ग्रॅम दागिने शुल्काविना आणता येतात. ५,००० डॉलरपेक्षा जास्त किमतीच्या परकीय नोटा, किंवा नोटा-चेक मिळून १०,००० डॉलरपेक्षा जास्त रक्कम जवळ असेल तर विमानतळावर घोषणापत्र भरा. घरगुती सामानाच्या सवलतीची मर्यादा बदलत असते, सामान बुक करण्याआधी कस्टमच्या संकेतस्थळावर पाहा.

जमीन आणि घर

सीमाभागात सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. तुम्ही परदेशात असताना वडील गेले, आणि उताऱ्यावर अजून त्यांचेच, कधी आजोबांचेही नाव आहे, अशी घरे गावोगाव आहेत. परतीच्या आधीच कर्नाटकच्या भूमी संकेतस्थळावरून सर्व्हे नंबर टाकून आरटीसी, म्हणजे पहाणीचा उतारा, काढा. तो कन्नडमध्ये असतो. वाचता येत नसेल तर जाणकार वकिलाकडून नाव, क्षेत्र आणि बोजाचा रकाना समजून घ्या. २००४ पासूनचे खरेदी-गहाणाचे व्यवहार नोंदणी खात्याच्या कावेरी संकेतस्थळावरच्या ईसीमध्ये, म्हणजे बोजा दाखल्यात, दिसतात.

वारसा नोंदीसाठी मृत्यूचा दाखला, वंशावळ, सर्व वारसांची आधार कार्डे आणि चालू उतारा घेऊन नाडकचेरीत (स्थानिक महसूल कार्यालयात) किंवा तहसील कार्यालयात अर्ज करायचा. हरकतींसाठी नोटीस निघते आणि मुदत संपली की नाव चढते. वंशावळीत बहिणींची नावे वगळू नका. २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींचा वाटा मुलांइतकाच आहे. नाव लपवून केलेली नोंद पुढे कोर्टात टिकत नाही, आणि ती माणुसकीलाही धरून नाही. चंदगड, गडहिंग्लज बाजूला जमीन असेल तर ते काम महाराष्ट्राच्या सातबारावर, तलाठ्याकडे स्वतंत्रपणे होते. एका राज्यातली नोंद दुसऱ्या राज्यात आपोआप होत नाही.

शहरातल्या घराची घरपट्टी भरून ई-खाता, म्हणजे मालमत्तेचा ऑनलाइन खाते उतारा, करून घ्या, तो नसेल तर खरेदी-विक्रीची नोंदणी अडते. भावाला किंवा मेहुण्याला मुखत्यारपत्र पाठवणार असाल तर ते दूतावासात साक्षांकित करा. ते भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर इथले मुद्रांक शुल्क भरावे लागते.

नावांचा मेळ आताच बसवा. पासपोर्टवर आडनाव शेवटी, उताऱ्यावर वडिलांच्या नावासह कन्नड लिपीत, आधारवर लग्नानंतरचे नाव, असे असेल तर नोटरीकडे एकाच व्यक्तीची नावे असल्याचे प्रतिज्ञापत्र करून प्रत्येक अर्जाला जोडा. जुन्या कागदांवर 'बेळगाव' आणि नव्यांवर 'बेळगावी' असणे ही अडचण नाही. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बदलले आहे.

तक्रारअर्ज मराठीत द्यायला कचरू नका. राज्यघटनेच्या कलम ३५० ने केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क दिला आहे. पोच मात्र घ्या.

मुलांचे प्रवेश

शाळा जूनच्या आसपास सुरू होतात, म्हणून शक्य असेल तर एप्रिल-मेमध्ये या. मराठी माध्यमाच्या शाळा आहेतच, पण कर्नाटकच्या २०१५ च्या कायद्याने कन्नड विषय शाळांना शिकवावा लागतो. मूल मधल्या वर्गात येत असेल तर सवलतीबद्दल प्रवेशाच्या वेळीच मुख्याध्यापकांशी बोला. पुढे कर्नाटकच्या सरकारी कोट्यातल्या व्यावसायिक जागांसाठी मुलाने राज्यात सात वर्षे शिकलेले असणे ही मुख्य अट आहे. पालकांच्या शिक्षणावर आधारित पर्यायी कलमेही आहेत, ती माहिती पुस्तिकेत वाचा. आपल्या मुलांसाठी दुसरी वाटही आहे. महाराष्ट्राच्या अभियांत्रिकी प्रवेशात सीमाभागातल्या संस्थेतून दहावी किंवा बारावी झालेल्या, मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी 'टाइप-ई' हा वेगळा गट आहे. हे माहीत नसल्याने मुले जागेला मुकू नयेत, म्हणून मुद्दाम लिहिले.

आल्यानंतरचे पहिले महिने

भारतीय पासपोर्ट असलेल्याला आधारसाठी १८२ दिवस थांबावे लागत नाही. ओसीआय असलेल्याला मात्र मागच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात काढलेले असावे लागतात. आधार झाले की त्याला इथला मोबाईल नंबर जोडा, कारण ओटीपीशिवाय पुढचे एकही काम सरकत नाही. अनिवासी म्हणून पॅन-आधार जोडणीतून सूट असेल तर आयकर संकेतस्थळावर दर्जा बदलून जोडणी करा.

परदेशातून फॉर्म ६ए (परदेशस्थ मतदारांचा अर्ज) भरून मतदार झाला असाल तर परतल्याचे कळवा आणि इथले रहिवासी म्हणून फॉर्म ६ भरा. वाहन परवाना संपून वर्ष उलटले असेल तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. कोल्हापुरातून एमएच नंबरची गाडी घेऊन इथेच बारा महिन्यांहून जास्त वापरणार असाल, तर नोंदणी कर्नाटकात बदलून घ्यावी लागते आणि इथला करही भरावा लागतो. तो खर्च धरूनच गाडीचा भाव ठरवा.