प्रमाणपत्राची वाट ग्राहकाकडून येते

पुण्याजवळच्या भोसरी एमआयडीसीतील सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये लेथ मशिनखाली पत्र्याचा ट्रे ठेवलेला मी पाहिला. त्यात गळलेले कूलंट, म्हणजे धातू कापताना तो थंड ठेवणारे द्रव, बॅरलमध्ये ओतले जात होते, बॅरलवर तारीख होती आणि किती लिटर कोणाकडे गेले, याची नोंद वहीत होती. ऑडिटर आला की आधी ही वही मागतो, असे तिथल्या सुपरवायझरने सांगितले.

ही शिस्त आयएसओ १४००१ या पर्यावरण व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकातून येते; ऑडिटमध्ये ते पाळले जात असल्याचे दिसले की कारखान्याला प्रमाणपत्र मिळते. ते १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २००४ व २०१५ मध्ये सुधारले गेले. धुरात किंवा सांडपाण्यात किती प्रदूषक चालतील, याची मर्यादा ते घालून देत नाही. ते काम त्या त्या देशाच्या कायद्याचे. आपल्या कामाचा पर्यावरणावर काय परिणाम होतो हे कारखान्याने ओळखले का, उद्दिष्टे ठरवून मोजमाप केले का आणि चूक सापडल्यावर ती दुरुस्त केली का, हे त्यात मुख्यतः तपासले जाते.

निरनिराळ्या देशांनी ते फार वेगवेगळ्या वेगाने स्वीकारले. ब्रिटनचे स्वतःचे असे मानक १९९२ मध्येच आले होते आणि युरोपीय संघाची अशीच योजना १९९५ पासून उद्योगांना खुली झाली, त्यामुळे तिथल्या कारखान्यांना ही पद्धत ओळखीची होती. निर्यातीवर उभ्या असलेल्या जपानने सुरुवातीला आघाडी घेतली. आज सर्वाधिक प्रमाणपत्रे चीनमध्ये आहेत. अमेरिका मात्र मागे राहिली, आणि मला या साऱ्यात हीच गोष्ट सर्वांत बोलकी वाटते. तिथले पर्यावरण कायदे कडक आणि खटले महागडे असल्याने, स्वतःच केलेल्या तपासणीतील त्रुटी उद्या न्यायालयात आपल्याविरुद्ध पुरावा ठरतील, अशी भीती अनेक कंपन्यांना होती. पुढे १९९९ मध्ये फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी पुरवठादारांकडे प्रमाणपत्राची मागणी केली, तेव्हा भीती असूनही अनेकांना ते घ्यावे लागले.

पुण्याच्या वाहन उद्योगातही हा दबाव मोठ्या ग्राहकाकडून पुरवठादाराकडे असाच सरकतो. म्हणून केवळ प्रमाणपत्रांच्या संख्येवरून एखाद्या देशाची पर्यावरणाविषयीची कळकळ मोजू नये, असे मला वाटते. त्या संख्येत देशाच्या व्यापाराचे चित्रही असते. धातूवर मुलामा चढवणाऱ्या ज्या प्लेटिंगच्या शेडचा माल स्थानिक बाजारातच खपतो, तिच्याकडे अशी वही मागणारा ग्राहक सहसा फिरकत नाही. तिथे १९७४ चा जल कायदा आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची तपासणी यांवरच सारी भिस्त असते, आणि पवना नदीला त्या शेडचे सांडपाणीही तितकेच बाधते.