इलेक्ट्रॉनिक उपकरण दुरुस्ती

इलेक्ट्रॉनिक उपकरणांतील बिघाड शोधून, सदोष घटक बदलून किंवा निसटलेले जोड पक्के करून ती पुन्हा चालती करण्याचा तांत्रिक व्यवसाय. यातील कसब भाग बदलण्यापेक्षा नेमका कोणता भाग गेला आहे हे ठरवण्यात अधिक लागते. उपकरण चालूच होत नाही, या एकाच तक्रारीमागे तुटलेल्या वायरीपासून निकामी मायक्रोकंट्रोलरपर्यंत (उपकरणाचे नियंत्रण करणाऱ्या चिपपर्यंत) काहीही असू शकते.

तपासणी बहुधा वीजपुरवठ्यापासून सुरू होते. स्विच मोड पॉवर सप्लायमध्ये (वेगाने चालू-बंद होणाऱ्या स्विचद्वारे वीज रूपांतरित करणाऱ्या भागात) २३० व्होल्ट प्रत्यावर्ती (एसी) विजेचे एकदिशीकरण, म्हणजे डीसीत रूपांतर, झाल्यावर मुख्य कपॅसिटरवर (विद्युतभार साठवणाऱ्या घटकावर) सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकू शकतात. म्हणून हात घालण्यापूर्वी कपॅसिटर योग्य रोधकातून रिकामा करून मल्टिमीटरने खात्री करून घ्यावी लागते. फ्यूज गेलेला दिसताच नवा बसवून वीज देणे ही नवशिक्याची घाई होय, कारण ब्रिज रेक्टिफायर (एकदिशीकरण करणारा घटक) किंवा मॉस्फेट (स्विचचे काम करणारा ट्रान्झिस्टर) शॉर्ट असल्यास नवा फ्यूजही त्याच क्षणी उडतो. अनुभवी तंत्रज्ञ पहिल्यांदा सिरीज बल्बमधून, म्हणजे उपकरणाच्या वाटेत ओळीने जोडलेल्या बल्बमधून, वीज देतो (बल्ब जुना, तारेचाच हवा, एलईडीचा येथे उपयोग नाही). बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर बहुधा धोका टळलेला असतो. तो प्रखर जळत राहिला तर शॉर्ट अजून कायम असण्याची शक्यता मोठी असते.

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर अधिक फसवे असतात. आतील द्रव उष्णतेने वाळत गेला की त्यांचा अंतर्गत रोध वाढतो, पण धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मोजली तर ती जवळपास बरोबर दिसू शकते; असा दोष हा अंतर्गत रोध मोजणाऱ्या ईएसआर मीटरवर किंवा विजेच्या लहरी दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवरील रिपलमध्ये (डीसी व्होल्टेजमधील चढउतारात) उघड होतो.

भाग बोर्डाला जोडण्यासाठी वितळवून वापरला जाणारा मिश्रधातू म्हणजे सोल्डर; कथील-शिशाचे ६३:३७ सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळते. युरोपीय संघाने जुलै २००६ पासून शिशाच्या वापरावर निर्बंध घातल्यानंतर रूढ झालेल्या शिसेविरहित सोल्डरला मात्र सुमारे २१७ ते २२० अंश लागतात, त्यामुळे बोर्डावरील तांब्याचे पॅड उखडण्याचा धोका वाढतो. ज्यांचे जोड चिपच्या पोटाखाली दडलेले असतात, अशा बीजीए चिपसाठी गरम हवेचे किंवा इन्फ्रारेड रीवर्क स्टेशन (चिप तापवून काढण्या-बसवण्याचे यंत्र) वापरतात. स्थिर विजेपासून बचावासाठी मनगटपट्टा भूसंपर्कित करतात. त्यातील सुमारे एक मेगाओहमचा रोधक तंत्रज्ञाचेच रक्षण करतो.

सर्किट आकृती आणि सुटे भाग न मिळणे ही या व्यवसायाची मोठी अडचण आहे. काही उत्पादनांत अस्सल भाग बसवूनही सॉफ्टवेअर तो नाकारते, आणि तेथे सोल्डरिंगचे कौशल्य कामी येत नाही. युरोपीय संघाने २०२४ मध्ये ग्राहकांच्या दुरुस्तीच्या हक्काविषयीचा निर्देश संमत केला.