नेपियर, रॉबर्ट कॉर्नेलिस

(६ डिसेंबर १८१०–१४ जानेवारी १८९०). ब्रिटिश सेनानी व अभियंता. जन्म कोलंबो येथे. १८२६ मध्ये तो बंगाल इंजिनिअर्समध्ये दाखल झाला. शीख युद्धे, मुलतानचा वेढा, लखनौ आणि चीनमधील ताकूचे किल्ले (१८६०) या मोहिमांत त्याने भाग घेतला. ग्वाल्हेर पडल्यावर जून १८५८ मध्ये जौरा-अलीपूर येथे त्याने तात्या टोपे यांच्या फौजेला गाठून तिच्या तोफा घेतल्या.

१८६५ मध्ये तो मुंबई सैन्याचा सरसेनापती झाला. ॲबिसिनियाचा (आजचा इथिओपिया) सम्राट तेवोद्रोस याने कैद केलेल्या युरोपीयांना सोडवण्याची १८६७–६८ ची मोहीम याच सैन्याने नेपियरच्या नेतृत्वाखाली उभी केली. सुमारे १३,००० सैनिक, त्यांच्या दुपटीने बाजारबुणगे, ४०,००० हून अधिक जनावरे आणि ४४ हत्ती असा तिचा पसारा होता. लढाईपेक्षा पाणी आणि ओझे वाहणे यांचाच प्रश्न बिकट ठरला. तांबड्या समुद्राकाठच्या झुला बंदरात गोड्या पाण्याचा तुटवडा होता. जहाजांवर समुद्राचे पाणी उकळून, वाफ थंड करून ते मिळवावे लागे. खेचरे आली, पण त्यांना सांभाळणारी माणसे आणि पाणी वेळेवर आले नाही. तहान व साथ यांनी हजारो जनावरे मेली. धक्के बांधून, डोंगराच्या पायथ्याकडे लोहमार्ग टाकून मगच सैन्य चढणीला लागले. जड तोफा व उखळ्या हत्तींवर लादल्या होत्या. वाटेत दाणागोटा रोखीने घेत, तोही मारिया थेरेसा थॅलर देऊन. दुसरे नाणे तेथे चालत नसे.

१३ एप्रिल १८६८ रोजी तेवोद्रोसच्या मगदला या डोंगरी किल्ल्याच्या दरवाजाशी पोहोचल्यावर अभियंता तुकडी बंदुकीच्या दारूची पिंपे आणि शिड्या मागेच विसरल्याचे उघड झाले. ३३ व्या पलटणीतील उंचापुऱ्या बर्गिनने तटावरील काटेरी कुंपण संगिनीने कापले आणि ढोलवाला मॅग्नर त्याच्या खांद्यावर चढून आत शिरला. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तेवोद्रोस शिपायांच्या गोळीने पडला, असे आधी काहींना वाटले. मात्र त्याने स्वतःवर पिस्तूल झाडले, हेच मत अधिक ग्राह्य दिसते.

खर्च ९० लाख पौंडांच्या घरात गेला. हिंदी सैनिकांचा नेहमीचा पगार मात्र हिंदुस्थानच्या तिजोरीतून दिला गेला. हा हिंदी रयतेवर उघड अन्याय होता. मगदलाची लूट वाहून नेण्यास १५ हत्ती व सुमारे २०० खेचरे लागली, असे सांगतात. तिच्यातील शेकडो हस्तलिखिते ब्रिटिश म्युझियमकडे गेली.

पुढे नेपियर हिंदुस्थानचा सरसेनापती (१८७०–७६) व जिब्राल्टरचा गव्हर्नर (१८७६–८३) झाला. लंडन येथे त्याचे निधन झाले.