यू-बूटच्या नेटवर्क स्टॅकचा वाद: आधी दुरुस्ती की आधी नवं?

नवा सर्किट बोर्ड हाती आला की पहिले काही दिवस टेबलावर ठरलेलं चित्र असतं. सीरियल केबल जोडलेली, टर्मिनल ११५२०० या वेगावर उघडं. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, सर्व्हरवरून आणण्यासाठी टीएफटीपी या साध्या फाइल-प्रोटोकॉलचा आदेश दिला की पडद्यावर ##### अशी रांग सरकू लागते. मध्येच इंग्रजी 'टी' अक्षर उमटलं तर समजायचं, सर्व्हरचं उत्तर वेळेत आलं नाही. एकामागून एक 'टी' येऊ लागले की केबल बघायची, स्विच बघायचा, सर्व्हरचा आयपी पुन्हा टाकायचा. बोर्ड सुरू होताच ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधी चालणारा प्रोग्रॅम म्हणजे बूटलोडर, आणि यू-बूट हा त्यातलाच एक. त्याच्या नेटवर्क स्टॅकवरून, म्हणजे नेटवर्क सांभाळणाऱ्या कोडवरून, जो वाद चालतो तो या रांगेमागच्या कोडचा आहे: आधी जुन्या त्रुटी दुरुस्त करायच्या, की आधी नवी फीचर आणायची?

हा कोड यू-बूटहून जुना. मॅग्नस डॅम यांनी पॉवरपीसी चिपसाठी ८एक्सएक्सरॉम नावाचा छोटा बूटलोडर लिहिला होता. जर्मनीतल्या डेंक्स कंपनीचे वोल्फगांग डेंक यांनी २००० मध्ये तो पीपीसीबूट म्हणून पुढे आणला (सोर्सफोर्ज या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचं नाव आकड्याने सुरू करता येत नसे), आणि इतर प्रोसेसर सामावल्यावर नोव्हेंबर २००२ मध्ये त्याचं यू-बूट झालं. नेटवर्कचा भाग मात्र लिमॉन या आणखी जुन्या, बूटलोडरसारख्याच प्रोग्रॅममधून घेतलेला. फाइलच्या माथ्यावर तशी नोंदच आहे.

त्या काळच्या कामाला तो कोड चोख होता. एकच लूप: पॅकेट आलं का बघा, आलं तर हाताळा, फाइल पूर्ण झाली की बाहेर पडा. एकाच वेळी अनेक जोडण्या सांभाळणारे सॉकेट नाहीत, एका वेळी एकच व्यवहार. टीएफटीपीही तसाच सरळ: ५१२ बाइटचा एक ब्लॉक पाठवायचा, पोच येईपर्यंत थांबायचं, मग पुढचा. डेंक यांच्या दहा नियमांतला पहिलाच 'लहान ठेवा' असा होता, कारण बूटलोडरच्या वाट्याला नॉर फ्लॅश या महागड्या मेमरी चिपमधली थोडकी जागा यायची. आणि तारेच्या पलीकडे आपलाच सर्व्हर असणार, हे धरूनच चाललेलं होतं.

मग फाइली वाढल्या. ब्लॉकचा क्रमांक १६ बिटांचा, म्हणजे ५१२ च्या हिशेबाने ३२ एमबीवर गाडी अडते. ब्लॉक मोठा करावा तर इथरनेटच्या १५०० बाइटांतून आयपीचे २०, यूडीपीचे ८ आणि टीएफटीपीचे ४ वजा जाऊन १४६८ उरतात. त्याहून मोठा हवा असेल तर पॅकेटचे तुकडे होणार, म्हणून २००९ मध्ये ते तुकडे जोडणारा पर्यायी कोड आला. वेग वाढवणारी ती एक साधी सोय होती. त्यावर आक्षेप घ्यावा असं तेव्हा काही दिसलं नसणार.

जुलै २०१९ मध्ये सेमल या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी यू-बूटमधल्या १३ त्रुटी जाहीर केल्या, बहुतेक एनएफएस या नेटवर्कवरून फाइली वाचण्याच्या प्रोटोकॉलच्या कोडमधल्या. मुळाशी एकच सवय: पॅकेटमध्ये लिहिलेली लांबी खरी मानायची आणि तेवढा मजकूर बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या ठरावीक जागेत, उतरवायचा. त्याच नेटवर्कवर बसलेला कुणीही खोटं उत्तर पाठवून ऑपरेटिंग सिस्टिम सुरू होण्याआधीच यंत्राचा ताबा घेऊ शकला असता. दुरुस्त्या झाल्या. पण सीव्हीई-२०१९-१४१९६ (सीव्हीई म्हणजे जाहीर त्रुटीचा नोंद क्रमांक) ची दुरुस्ती चुकीची होती हे २०२२ मध्ये कळलं, आणि तीच जागा सीव्हीई-२०२२-३०७६७ म्हणून परत आली. त्याच वर्षी एनसीसी ग्रुप या सुरक्षा कंपनीने आणखी दोन त्रुटी दाखवल्या. त्या होत्या २००९ च्या त्या तुकडे जोडणाऱ्या कोडमध्ये.

म्हणूनच 'आधी दुरुस्ती, मग फीचर' हा आग्रह मला अर्धाच पटतो. कालचं फीचर हीच आजची दुरुस्ती असते, आणि तपासणारी माणसं दोन्हींसाठी तीच, मोजकी.

दुसऱ्या बाजूची, म्हणजे नवं हवं म्हणणाऱ्यांचीही, निकड खरी होती. लांबच्या सर्व्हरवरून शेकडो एमबीची इमेज आणायला टीएफटीपी अपुरा पडतो. यूईएफआय या पीसी-सर्व्हरच्या बूटप्रणालीच्या मानकात एचटीटीपीवरून (वेबच्या प्रोटोकॉलवरून) बूट करण्याची सोय २०१५ मध्येच आली होती. यू-बूटमध्ये टीसीपी (एचटीटीपीचा पाया असलेला प्रोटोकॉल) आणि डब्ल्यूगेट (एचटीटीपीवरून फाइल आणणारा आदेश) पोहोचले २०२२ च्या अखेरीस, तेही जुन्या लूपवरच चढवून. यातूनच प्रश्न नीट मांडला गेला: प्रत्येक प्रोटोकॉल आपणच पुन्हा लिहीत बसायचं का?

पर्याय होता एलडब्ल्यूआयपी हा तयार नेटवर्क स्टॅक. अॅडम डंकेल्स यांनी स्वीडनमध्ये लहान यंत्रांसाठी लिहिलेला हा स्टॅक दोन दशकं असंख्य उपकरणांत चालून घासून निघालेला. आर्म प्रोसेसरसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या लिनारो संस्थेच्या अभियंत्यांनी २०२३ पासून त्याचे पॅच, म्हणजे कोडमधले प्रस्तावित बदल, मांडले. बायनरी (तयार होणारी प्रोग्रॅमची फाइल) किती फुगेल, जुने आदेश जसेच्या तसे चालतील का, दोन स्टॅक सांभाळणार कोण, यावर आवृत्तीमागून आवृत्ती घासाघीस झाली. अखेर जुनं न काढता नवं शेजारी ठेवायचं ठरलं: बिल्ड करताना दोहोंतला एक निवडायचा. जानेवारी २०२५ च्या आवृत्तीत तो आला. मला हा निर्णय योग्य वाटतो. नॉर फ्लॅशवरचे जुने बोर्ड अजून कारखान्यांत चालू आहेत, त्यांच्या पायाखालची जमीन काढून घेऊन चालणार नव्हतं.

नव्या स्टॅकसोबत एम्बेड टीएलएस ही कूटबद्धीकरणाची लायब्ररी जोडून एचटीटीपीएसही (सुरक्षित एचटीटीपी) मिळालं. पण सुरुवातीला त्यात सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासलं जात नव्हतं: जोडणी कूटबद्ध, पण पलीकडे कोण आहे याची खातरजमा नाही. आपलं सीए प्रमाणपत्र (ज्या संस्थेवर विश्वास ठेवायचा तिचं प्रमाणपत्र) देऊन ती तपासणी करण्याची सोय त्यानंतर, २०२५ मध्येच, वेगळ्या पॅचमधून आली.