रॉड डोक्यावर नेताना खांदे खाली दाबून धरू नका

जिममध्ये दिवसभर ऐकू येतं, "खांदे खाली, खांदे मागे". बेंच प्रेसला, म्हणजे बाकावर झोपून रॉड वर ढकलताना, हे एकदम बरोबर आहे, पण ओव्हरहेड प्रेसला, म्हणजे उभं राहून रॉड खांद्यापासून डोक्यावर ढकलताना, हेच केलं तर खांद्याचं काम अडतं, आणि हे खरंच समजून घ्यायला हवं.

हात सरळ डोक्यावर जातो तेव्हा साधारण 180 अंश फिरतो. त्यातले 120 च्या आसपास खांद्याच्या सांध्यातून येतात, उरलेले 60 पाठीवरचं ते चपटं त्रिकोणी हाड, म्हणजे स्कॅप्युला, वर फिरल्यामुळे. खांद्याची खोबण अगदी उथळ असते, बशीत लिंबू ठेवल्यासारखी, म्हणून हाताच्या हाडाचा गोळा सरकला की बशीनेही सरकायला हवं. तुम्ही स्कॅप्युला खाली दाबून धरला तर ते 60 अंश कुठून येणार? मग कंबर मागे वाकते, बरगड्या पुढे येतात आणि रॉड कसाबसा वर जातो.

म्हणून रॉड वर पोचला, कोपरं सरळ झाली, की खांदे कानाकडे उचला, थोडं वरच ढकलत राहा. ट्रॅपचा, म्हणजे मानेपासून पाठीपर्यंत पसरलेल्या स्नायूचा, वरचा भाग आणि बरगड्यांवरचा सेरेटस हे दोन स्नायू मिळून स्कॅप्युला वर फिरवतात. कपाळापर्यंत नेऊन परत आणणारे अर्धे रेप (एकेक उचल) मारले की नेमकं हेच काम सुटतं.

बाकी टेक्निक सोपं आहे. पकड खांद्यांपेक्षा जराशी बाहेर, खाली असताना मनगटापासून कोपरापर्यंतचा हात उभा, कुल्ले घट्ट. रॉड सरळ रेषेत जायला हवा, त्यामुळे बाजूला व्हायचं ते डोक्याने: हनुवटी मागे घ्या, रॉड कपाळ ओलांडून गेला की डोकं परत पुढे, आणि शेवटी रॉड पावलाच्या मध्याच्या बरोबर वर, सरळ रेषेत. मागे झुकून ढकलायची सवय जुनीच आहे बरं का, ऑलिंपिकमध्ये लिफ्टर इतके झुकायला लागले की पंचांना निकाल देणं अवघड झालं आणि 1972 च्या म्युनिकनंतर प्रेस हा प्रकारच काढून टाकला.

खांदा दुखला की "हाड घासतंय" असं लगेच सांगितलं जातं, पण ते चित्र फार अपुरं आहे. ब्रिटनमध्ये 313 रुग्णांवर एक चाचणी झाली, 2018 च्या लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली, त्यात हाड तासून जागा करणारी सर्जरी आणि नुसती दुर्बीण घालून बाहेर काढलेली खोटी सर्जरी यांच्या परिणामात लक्षात घेण्याजोगा फरक निघाला नाही! त्यामुळे दुखतंय म्हणून डोक्यावरचं सगळं कायमचं बंद करायची घाई नको, आधी रॉडवरचं वजन कमी करून बघा. रात्री दुखण्याने जाग येत असेल किंवा हातच उचलत नसेल तर मात्र डॉक्टरकडे जा.

आणि सुरुवातीला एक करा. भिंतीला पाठ आणि कंबर टेकवून हात वर न्या. कंबर न सुटता अंगठे भिंतीला लागले तर रॉड उचला, नाही लागले तर काही आठवडे इन्क्लाइन प्रेस (तिरक्या बाकावर टेकून) किंवा रॉडचं एक टोक कोपऱ्यात टेकवून एका हाताने तिरका प्रेस मारा, आणि पाठीचा वरचा भाग मोकळा करत राहा.